महर्षी कर्वे ह्यांची निरपेक्ष सेवा
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त चिपळूण येथे केलेले भाषण)



ज्युबिलीचा समय हा परमेश्वराचे उपकार स्मरण्याचा, तसाच आपल्या मनाची झडती घेण्याचाही समय होय. ह्या मंगल प्रसंगी आम्ही एखाद्या संताचे चरित्र आपणापुढे मांडू, अशी आपणांपैकी कित्येकांची अपेक्षा असेल. परंतु आज आम्ही ज्यांचे पुण्यस्मरण करणार आहो, ते आपल्या धर्माचे नव्हते. ते आपले शेजारी होते. चिपळुणाहून परशुरामाचा घाट चढून गेले की खेड तालुका लागतो. त्या तालुक्यातील शेरवली ह्या गावी १८ एप्रिल १८५८ रोजी धोंडो केशव कर्वे ह्यांचा जन्म झाला. शेजाऱ्यावर प्रीती करावी, अशी आपणांस प्रभूची आज्ञा आहे. आणि ज्यावर प्रीती करावयाची, त्याची ओळख करून घेणे हे त्या प्रीतीचे पहिले पाऊल आहे.

कर्व्यांचे बालपण दापोली तालुक्यातील मुरूड येथे गेले. घरची स्थिती गरिबीची होती. १८७५ साली परीक्षेस बसण्यासाठी ते सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून साताऱ्यास पायी गेले; ती वाट शंभर मैलांहून अधिक होती. इतके कष्ट सोसून मुलगा पोहोचला, तो परीक्षकांनी त्याची लहानखुरी अंगकाठी पाहून, ह्याचे वय भरत नाही, असे म्हणून त्यास परत लावले. दुसरा एखादा तेथेच खचला असता. कर्व्यांनी पुढल्या वर्षी कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा दिली. पुढे मुंबईस मिशनच्या रॉबर्ट मनी शाळेतून ते १८८१ मध्ये मॅट्रिक झाले, आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन पदवीधर झाले. १८९१ साली, त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई ह्यांच्या निधनाच्याच वर्षी, गोपाळ कृष्ण गोखले ह्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. गोखले हेही आपल्याच भागातील, कोतळूकचे. कर्व्यांनी १९१४ पर्यंत तेथे अध्यापन केले.

आता आम्ही एका नाजूक गोष्टीकडे वळतो. तीत आपणां ख्रिस्ती जनांचाही संबंध असल्यामुळे ती टाळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पंडिता रमाबाई ह्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदासदन उघडले. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेला होता. त्या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई. पुढे सदन पुण्यास आले. आणि ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या वाढदिवशीच, कर्व्यांनी ह्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. विधवेशी विवाह केला म्हणून मुरूडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. ज्या गावाच्या हितासाठी त्यांनी फंड उभारला होता, त्याच गावी गेले असता त्यांना घरच्या माणसांपासून निराळे राहावे लागे. आई घरात आणि मुलगा बाहेर, अशी ती अवस्था होती. तथापि गावाविषयी त्यांनी मनात कडवटपणा धरला नाही.

त्याच १८९३ साली शारदासदनावर एक मोठे संकट आले. तेथील मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे वळविला जात आहे, असा बोभाटा पुण्यात झाला. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर ह्यांच्यासारखे सज्जन त्यातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या अंतःकरणातील भूतदयेविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि त्या वादाचा निवाडा करावयास आम्ही येथे उभे नाही. परंतु त्याचे फळ काय झाले, हे पाहणे अवश्य आहे. ज्या मुलींना विद्येची सर्वांत अधिक गरज होती, त्यांच्याच तोंडचा घास गेला. कारण पालकांचा विश्वास उडाला.

हा विश्वास परत कसा मिळवावा, हाच कर्व्यांच्या पुढील आयुष्याचा प्रश्न झाला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. स्वतः त्यांनी पुनर्विवाह केलेला. त्या मताचा प्रसार करणाऱ्या मंडळीचे ते चालकही होते. परंतु आश्रमात येणारी मुलगी शिकावयास येते, पुनर्विवाहाच्या मताची व्हावयास नव्हे, हे ओळखून त्यांनी त्या मंडळीपासून आपले अंग काढून घेतले आणि आश्रमास शिक्षणापुरतेच ठेविले. आपले मत त्यांनी सोडले नाही, लपविलेही नाही. मात्र ते आश्रमाच्या उंबरठ्याबाहेर ठेविले. बंधुभगिनींनो, ज्या मतासाठी गावाचा बहिष्कार सोसला, ते मत दुसऱ्यावर लादण्याची संधी हाती असता न लादणे, हा बहिष्कार सोसण्याहूनही कठीण त्याग आहे, असे आम्हांस वाटते.

१९०० साली प्लेगच्या दिवसांत आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले ह्यांनी सहा एकर जमीन दिली होती. तीवर एक झोपडी उभी राहिली. ना धड रस्ता, ना दिवाबत्ती. दिवसभर कॉलेजात गणित शिकवून कर्वे सायंकाळी सुमारे चार मैल चालत, बहुधा डोक्यावर किंवा खांद्यावर सामान घेऊन, हिंगण्यास जात. तेथील मुलींना शिकवीत आणि सकाळी पुनः पायी पुण्यास परतत. पावसाळ्यात ती वाट चिखलाची असे. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले ह्यांनीही ह्या कार्यास आपला जन्म वाहिला आणि दारोदार फिरून आश्रमासाठी वर्गणी गोळा केली.

जपानातील स्त्रियांच्या विद्यापीठाची हकीकत वाचून कर्व्यांच्या मनात तशाच संस्थेची कल्पना आली, आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. आरंभी कॉलेजात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. स्त्रियांस उच्च शिक्षण त्यांच्या मातृभाषेतून द्यावे, हे त्या विद्यापीठाचे मुख्य सूत्र होते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातुःश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी ह्यांचे, नाव विद्यापीठास मिळाले. पुढे १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे आपल्या संस्थेची हकीकत सांगत जगाच्या प्रवासास निघाले. १९३६ साली त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले.

गुण गाताना उणिवा झाकणे हा खरा आदर नव्हे. कर्व्यांचा आश्रम आरंभी वरिष्ठ समजल्या जाणाऱ्या जातींतील स्त्रियांपुरताच होता, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. परंतु १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी जातिभेदाविरुद्ध समता संघ स्थापिला. ज्या वयात मनुष्य आपल्या जुन्या मतांना उशीप्रमाणे बिलगून राहतो, त्या वयात हे गुरुजी अजून विद्यार्थी होते.

१९५० साली आनंदीबाई निवर्तल्या. १९५८ साली, शंभर वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, कर्व्यांस भारतरत्न हा बहुमान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, त्यांनी पुणे येथे देह ठेविला. ज्यास लहान म्हणून परीक्षेच्या दारातून परत लाविले होते, त्याने इतरांसाठी किती दारे उघडून ठेविली! हिंगण्याच्या त्या एका झोपडीच्या जागी मोठी शिक्षणसंस्था उभी राहिली. नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणात घालवितो. त्या प्रार्थनेत ह्या शेजाऱ्याचेही नाव असावे, असे आम्ही सुचवितो.

आता ह्या चरित्राचा आपल्याशी संबंध काय? आपल्या धर्मसंस्थांच्या शाळांत आणि दवाखान्यांत येणाऱ्यांपैकी बहुतेक जण अन्य धर्मांचे असतात. एखादी माता आपल्या मुलीचा हात धर्मभगिनींच्या हाती देते, तेव्हा ती फीबरोबर दुसरेही काही देते. ती आपला विश्वास देते. त्या विश्वासास धक्का लागला तर नुकसान कोणाचे होते, हे १८९३ सालाने दाखविले आहे. प्रभूने सांगितलेला दयाळू शोमरोनी आठवा. त्याने जखमी मनुष्याची जात विचारली नाही. त्यास उतारशाळेत नेले, खर्चाचे पैसे दिले आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. मोबदल्यात त्याने काहीच मागितले नाही, आभारही नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही ७ डिसेंबर १९६५ रोजी घोषित केले की धर्माच्या बाबतीत कोणावरही जुलूम होता कामा नये. श्रद्धा ही परमेश्वराची देणगी आहे. ती सेवेची किंमत म्हणून वसूल करावयाची नसते.

ह्याचा अर्थ आपण आपली श्रद्धा झाकून ठेवावी, असा मुळीच नव्हे. वेदीवरचा दिवा लपविण्यासाठी लावलेला नसतो. परंतु त्या उजेडात जो वाटसरू आपली वाट शोधतो, त्यास आपण तेलाचा हिशेब विचारू नये. ह्या धर्मग्रामाच्या पूर्वजांनी गरिबीत हे देऊळ जतन केले. पुढल्या ज्युबिलीस जे जमतील, त्यांना आपल्या गावातील परधर्मी शेजाऱ्यांनी एवढेच सांगावे की, ह्या लोकांच्या हाती आम्ही आमच्या लेकी निर्धास्तपणे दिल्या आणि त्या शिकून परत आल्या. ह्याहून मोठे मानपत्र आम्हांस ठाऊक नाही.

ते मिळविण्याची बुद्धी आणि ते मिळेपर्यंत चालत राहण्याचे बळ परमेश्वर आपणां सर्वांस देवो. आमेन.