थांबविलेलें लेखन आणि शेल-फंक्शन

पेण येथील गणपतीच्या कारखान्यांत शाडूची मूर्ति अर्ध्यावर असतांना कारागिरास उठावें लागलें, तर ओलें फडकें टाकून ती झांकून ठेवतां येते. माती सुकत नाहीं, आणि काम जेथें थांबलें तेथूनच पुढें सुरू होतें. परंतु फडक्याखालीं काय आहे याचा विसर पडून त्यानें त्याच मूर्तीसाठीं नवा गोळा मळावयास घेतला तर? संगणकावर लिहिणाऱ्यांच्या हातून नेमकें असेंच वारंवार घडतें. तें टाळण्यासाठीं त्या मंडळींत एक चारपांच ओळींची युक्ति रूढ आहे; तिचा परिचय या भाषणांत करून द्यावयाचा आहे.

'एडिटर' म्हणजे येथें वृत्तपत्राचा संपादक नव्हे. ज्या साधनानें संगणकांतील फाइल उघडून तींतील मजकूर बदलतां येतो, तें साधन म्हणजे एडिटर. युनिक्सच्या वळणाच्या यंत्रांवर 'व्हीआय' हा एडिटर प्रसिद्ध आहे. बिल जॉय यानें तो १९७६ मध्यें कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें रचला. ब्राम मूलेनार या डच गृहस्थानें १९९१ मध्यें प्रसिद्ध केलेला 'व्हिम' हा त्याच घराण्यांतला सुधारलेला वंशज होय. एडिटर चालू करण्याची आज्ञा ज्याला द्यावयाची, तो कारभारी म्हणजे 'शेल'. लिनक्सवर बहुधा 'बॅश' नांवाचा शेल असतो.

आतां पेणमधील एखादी विद्यार्थिनी व्हिममध्यें आपला प्रबंध लिहीत आहे असें समजावें. मध्येंच शेलला दुसरी आज्ञा द्यावयाची म्हणून ती 'कंट्रोल' व 'झेड' या कळा एकत्र दाबते. एडिटर निजतो, मरत नाहीं. शेल त्याची नोंद आपल्या यादींत ठेवतो आणि 'एफजी' एवढें लिहितांच त्यास जागा करतो. (ही सोय सी शेलमध्यें प्रथम ऑस्ट्रियांतील लाक्सेनबुर्ग येथील जे. ई. कुल्प यांनीं केली.) पण इतर कामांच्या गडबडींत विद्यार्थिनी हें विसरते, आणि 'व्हिम' असें लिहून तीच फाइल दुसऱ्यांदा उघडते.

व्हिम सावध आहे. तो प्रत्येक उघड्या फाइलीची एक 'स्वॅप' फाइल शेजारीं ठेवतो. ती दिसतांच, या फाइलीवर अन्यत्र काम चालूं असावें, असा इशारा देतो. परंतु रोज दिसणारा इशारा कोण वाचतो? 'तरीहि उघड' ही कळ दाबली जाते. दोन पानें लिहून होतात, जतन होतात. सायंकाळीं पहिला एडिटर जागा होतो. त्यांत तीं दोन पानें नसतात. व्हिम पुन्हा विचारतो, घाईंत पुन्हा होकार मिळतो, आणि दुपारचें लेखन पुसलें जातें.

यावर उपाय म्हणजे शेल-फंक्शन, अर्थात् कांहीं आज्ञांस मिळून दिलेलें एक नांव. नांव 'लिही' असें ठेविलें तरी बॅशची हरकत नसते. मात्र मग प्रत्येक वेळीं कळफलक देवनागरींत न्यावा लागतो, आणि इतका त्रास घेण्याजोगा तो अभिमान नव्हे. तें कसेंहि असो. फंक्शननें प्रथम यादी पहावी. निजलेला व्हिम असेल तर त्यालाच उठवावें, नसेल तरच नवा चालू करावा.

हीच युक्ति वेगळ्या फाइलींत लिहून चालत नाहीं, याचें कारण मौजेचें आहे. अशी फाइल चालविण्यास नवा शेल जन्मास येतो, आणि त्या नवजाताची यादी कोरी असते. निजलेल्या कामांची आठवण ज्या शेलजवळ आहे, फंक्शन त्याच्याच पोटांत चालतें.

बरेच लोक हें एकाच ओळींत आटोपतात: 'उठव, न जमल्यास नवा चालू कर.' ही काटकसर अंगलट येते. उठविलेला एडिटर पुन्हा निजविला, कीं 'उठव' ही आज्ञा अपयशाची खूण परत करते, आणि शेल तत्काळ नवा एडिटर उघडून देतो! म्हणजे जें टाळावयाचें तेंच दारांत उभें. म्हणून 'जर' व 'नाहीं तर' अशा दोन स्वतंत्र शाखा लिहिणें हेंच योग्य.

फाइलीचें नांव दिल्यास काय करावें, याविषयीं मतभेद संभवतात. फंक्शनमधून चालू केलेल्या एडिटरची नोंद बॅश फंक्शनमधील मूळ शब्दांत करतो. फाइलीचें प्रत्यक्ष नांव त्या नोंदींत येत नाहीं, त्यामुळें त्यावरून शोध लागत नाहीं. तेव्हां एका खिडकींत एकच एडिटर ठेवावा आणि दुसरी फाइल त्याच्याच आंत उघडावी, हें अधिक सोपें.

दुसऱ्या खिडकींतील शेलची यादी मात्र या फंक्शनला दिसत नाहीं. तेथें स्वॅप फाइलीच्या इशाऱ्यावरच भिस्त. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरनें २००९ मधील तेविसाव्या आवृत्तींत वेगळा मार्ग काढला: एडिटर पडद्याआड सतत जागा ठेवावयाचा, आणि कोणत्याहि खिडकींतून त्यालाच हांक मारावयाची.

फंक्शन 'बॅशआरसी' या फाइलींत लिहून ठेविलें, म्हणजे प्रत्येक नव्या खिडकींत तें हजर असतें. लिनक्सचे प्राथमिक पाठ मुंबईच्या आय. आय. टी.च्या 'स्पोकन ट्युटोरिअल' उपक्रमानें मराठींतहि दिले आहेत. आणि निरोप घेतांना 'थांबविलेलीं कामें आहेत' असें बॅशनें म्हटलें, तर दुसऱ्यांदा निरोप घेण्यापूर्वीं निजलेला एडिटर उठवून लेखन जतन करावें. दुसऱ्या निरोपास बॅश अडवीत नाहीं.