दुकानखात्यातील शिल्लक आणि तिची मुदत
(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्तच्या भाषणाचा मजकूर)



गावच्या दुकानदाराच्या वहीत जमा आणि नावे असे दोन रकाने असतात. सुट्या पैशांअभावी ग्राहकाचे वीस रुपये दुकानदाराकडे राहिले, तर ते जमेकडे मांडले जातात आणि चार महिन्यांनी चतुर्थीच्या बाजाराच्या वेळीही ते हिशेबात धरले जातात. ऑनलाइन दुकानांतही ग्राहकाच्या नावे अशीच रक्कम जमा राहते. तिला कोणी क्रेडिट म्हणतात, तर कोणी वॉलेट. मात्र या जमेला पुष्कळदा मुदत असते. मुदत उलटली की रक्कम खात्यातून नाहीशी होते आणि पुष्कळांना त्याचा पत्ता फार उशिरा लागतो.

रक्कम कोणाची?

या खात्यात तीन प्रकारांनी पैसे येतात. परत केलेल्या मालाची किंमत हा पहिला प्रकार. स्वतः भरलेली अथवा भेटकार्डाद्वारे मिळालेली रक्कम हा दुसरा. खरेदीला उत्तेजन म्हणून दुकानाने दिलेली सवलत किंवा गुण हा तिसरा. यांपैकी तिसरा प्रकार दुकानाची देणगी होय. तिला आठ दिवसांची मुदत घातली व ती आधी स्पष्ट सांगितली, तर तक्रारीस फारशी जागा उरत नाही. पहिल्या दोन प्रकारांत मात्र ग्राहकाच्या किंवा भेट देणाऱ्याच्या कष्टाचा पैसा असतो. खात्याच्या पानावर या सर्व रकमा पुष्कळदा एकाच बेरजेत दिसतात, आणि ग्राहकाची फसगत होते ती येथेच.

नियम काय सांगतात?

अनेक दुकानांत चालणारी वॉलेट आणि भेटकार्डे रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येतात. बँकेने २०२१ साली काढलेल्या निर्देशांनुसार अशा साधनांची मुदत शेवटची रक्कम भरल्यापासून किमान एक वर्षाची असावी लागते. मुदत संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला वेळोवेळी सूचना द्यावी लागते. बँकेतर कंपनीला शिल्लक रक्कम मुदतीनंतर किमान तीन वर्षे आपल्या नफ्यात वळविता येत नाही. मुदत टळल्यावरही ग्राहकाने मागणी केल्यास ती त्याच्या बँक खात्यात द्यावी लागते.

परंतु एखाद्या दुकानाने दिलेली आणि केवळ त्याच दुकानात चालणारी जमा या निर्देशांच्या कक्षेत येत नाही. तिची मुदत दुकानाच्या अटींवरून ठरते. म्हणूनच अशा खात्यात पैसे घेण्यापूर्वीच सावध राहणे इष्ट.

निर्णयाचा क्षण

समजा, एका गृहिणीने आठशे रुपयांची साडी मागविली आणि पार्सल दारात आल्यावर रोख पैसे दिले. साडी फाटकी निघाली व ती परत गेली. पैसे रोख दिलेले असल्याने दुकान विचारते, "रक्कम बँक खात्यात पाठवावी की दुकानखात्यात जमा करावी?" दुसरा पर्याय सोपा असतो. एक कळ दाबली की काम होते. पण त्याच क्षणी तिच्या आठशे रुपयांचे रूपांतर एकाच दुकानात, ठरावीक तारखेपर्यंत चालणाऱ्या चिठ्ठीत होते. पहिल्या पर्यायासाठी खाते क्रमांक लिहिण्याचे चार मिनिटांचे श्रम पडतात, पण पैसे तिचेच राहतात.

सदोष मालाच्या बाबतीत केवळ दुकानजमेवर समाधान मानण्याचे ग्राहकाला कारण नाही. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार माल सदोष असल्यास, जाहिरातीप्रमाणे नसल्यास किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आल्यास विक्रेत्याला तो परत घेण्यास अथवा किंमत परत करण्यास सामान्यतः नकार देता येत नाही. माल चांगला असून केवळ पसंत पडला नाही म्हणून परत केला, तर मात्र दुकानाच्या अटी पाहाव्या लागतात.

जमा स्वीकारणे भागच असेल, तर मुदतीची तारीख त्याच दिवशी टिपून घ्यावी. किमान किती रुपयांची खरेदी केल्यावर ती वापरता येते, हेही पाहावे. त्या जमेतून घेतलेली वस्तू पुन्हा परत केल्यास नवी मुदत मिळते की जुनीच चालू राहते, हे विचारावे. अटींचे पान आणि शिल्लक दाखविणारे पान यांचे छायाचित्र फोनमध्ये जपून ठेवावे. पुढे वाद झाल्यास तोच पुरावा ठरतो.

दाद कोठे मागावी?

प्रथम दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ती मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हावे, असा नियम आहे. तेथे दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचे दार खुले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. दुकानाचे कार्यालय बंगळूरला असो वा दिल्लीला, काणकोणच्या ग्राहकाला तेथवर जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणास शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे.

शिक्षकांनी हा विषय गणिताच्या तासाला मुलांपुढे मांडावा. घरातील फोनवरची खरेदी बहुधा मुलेच हाताळतात. पंचायतींनी १९१५ हा क्रमांक आपल्या फलकावर लावावा. ग्रामस्थांनी आज घरी गेल्यावर आपापल्या दुकानखात्यातील शिल्लक आणि तिची तारीख एकदा पाहून घ्यावी. मुदत शिल्लक असेल, तर रक्कम अजून हाती आहे.