नाव आणि अंक : शाळेतील संगणकांची नोंद



महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक रायगड जिल्ह्यात, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात. पाकिटावर नुसते ‘कर्जत’ लिहिले, तर पत्र कोणत्या कर्जतला न्यावयाचे? ही अडचण ओळखून टपालखात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची योजना आखली व ती १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आली. आज या कर्जतचा अंक ४१०२०१, तर त्या कर्जतचा ४१४४०२ आहे. नाव माणसाच्या स्मरणासाठी, अंक अचूक वाटपासाठी. दोहोंची गाठ मात्र कोठेतरी नोंदलेली असावी लागते.

संगणकांच्या जाळ्यातही हाच नियम चालतो. प्रत्येक संगणकास १९२.१६८.१.१० यासारखा अंकांचा पत्ता असतो. इतके अंक मुलांनी पाठ करावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. म्हणून ‘होस्ट्स’ नावाच्या साध्या फाईलमध्ये ओळीच्या आरंभी पत्ता, मग मोकळी जागा व पुढे नाव, अशी नोंद ठेवतात. हे सर्व रोमन अक्षरांत व इंग्रजी आकड्यांत लिहावयाचे असते. ज्या ओळीच्या आरंभी # ही खूण असते, ती ओळ संगणक वाचीत नाही. ती माणसासाठी लिहिलेली टीप होय.

आरंभी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याची अशी एकच यादी होती. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती राखली जाई आणि इतरांनी तिची नक्कल उतरवून घ्यावी, असा प्रघात होता. संगणक वाढत गेले, तशी एका यादीने साऱ्यांचा कारभार चालेना. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची नोंद अनेक ठिकाणी वाटून देणारी ‘डीएनएस’ ही पद्धत मांडली. तरीही जुनी फाईल संगणकातून गेली नाही. सामान्यतः संगणक प्रथम तिच्यातच पाहतो व तेथे नाव न सापडल्यास बाहेर विचारतो.

कर्जत-खालापुरातील डोंगराकडच्या वाड्यांना ही गोष्ट उपयोगाची आहे. पावसाळ्यात बाहेरचे इंटरनेट बंद पडले, तरी वीज असेल तर शाळेतील संगणक आपसांत जोडलेले राहतात. एका संगणकावर पाठ व चित्रे साठवून इतरांच्या होस्ट्स फाईलमध्ये त्याचे नाव नोंदविले, तर मुलांना ते नाव टाइप करून पाठ उघडता येतात. विंडोजमध्ये ही फाईल ‘सिस्टम३२’मधील ‘ड्रायव्हर्स’ व त्यातील ‘ईटीसी’ या फोल्डरमध्ये असते. नोटपॅड प्रशासकाच्या अधिकाराने उघडूनच ती बदलता येते. त्यापूर्वी पाठांच्या संगणकाचा पत्ता राउटरमध्ये कायम करून घ्यावा. नाहीतर राउटर त्यास पुढे निराळा पत्ता देईल आणि फाईलमधील ओळ खोटी ठरेल.

खोट्या ओळीचा धोका मोठा आहे. फाईल आधी वाचली जात असल्याने, कोणी दुष्ट हेतूने तीत ओळ घातली, तर नाव बरोबर लिहूनही संगणक भलत्याच ठिकाणी नेईल. शिक्षक ज्या पृष्ठावर मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक भरतात, त्याची हुबेहूब नक्कलही तेथे मांडलेली असू शकेल. अशा वेळी ब्राउझर बहुधा प्रमाणपत्राविषयी इशारा देतो. तो डावलून पुढे जाऊ नये. काम थांबवून फाईल तपासावी.

म्हणून शाळेत या फाईलची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी. कोणती ओळ, कोणी, कोणत्या दिवशी व कशासाठी घातली, हे # खुणेपुढे लिहावे आणि संगणक बदलला की जुनी ओळ त्याच दिवशी काढावी. दाखलखारिज नोंदवहीतील एक चुकीची तारीख मुलाला जन्मभर अडचणीत आणते, हे शिक्षकाला सांगावयास नको. तीच दक्षता या लहानशा फाईललाही लागू आहे.