गल्लीतल्या डीपीची नाडी



महावितरणच्या कागदावर ज्याला रोहित्र म्हणतात, त्याला आपण डीपी म्हणतो. ११,००० व्होल्टची वीज ती ४३३ व्होल्टवर आणते आणि तीन फेजांतून घरोघर वाटते. टोकाच्या घरी दाब कमी पडू नये म्हणून डीपीपाशी तो थोडा चढा ठेवण्याची रीत आहे. वीज डीपीकडून घराकडेच जाणार, हे त्यात गृहीत धरलेले.

आता छतांवर सौर पॅनेले आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे. ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. दुपारी ऊन भरपूर, घरात वापर थोडा. उरलेली वीज उलटी तारेवर जाते आणि टोकाच्या घरी दाब वाढतो. मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर आपोआप बंद. कर्ज काढून पॅनेल बसविणाऱ्या कुटुंबाची ऐन उन्हातली वीज बुडते, आणि तारेत काय झाले ते दिसत नाही.

संध्याकाळी दुसरी अडचण. १०० केव्हीएच्या डीपीत एका फेजच्या वाट्याला साधारण ३३ केव्हीए येतात. त्या एकाच फेजवर मोटारींचे ३.३ किलोवॅटचे दहा चार्जर एकदम लागले, तर फेज भरला! दिवे-पंखे तर अजून मोजलेच नाहीत. शेजारचे दोन फेज रिकामे असून उपयोग नाही. दहावीच्या मुलांनी हे गणित वहीत करून पाहावे.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न आधी उभा राहिला. तेथील वीज नियामकाने २०१० ते २०१५ या काळात अशा प्रयोगांसाठी ५० कोटी पौंडांपर्यंतचा निधी ठेवला. एका प्रयोगात शेजाऱ्या-शेजाऱ्यांना विजेच्या मोटारी देऊन गल्लीच्या तारेवरचा भार मोजला. निष्कर्ष असा, की ४० ते ७० टक्के ग्राहकांकडे अशा मोटारी आल्या, तर सुमारे ३२ टक्के स्थानिक वाहिन्यांवर काही उपाय करावाच लागेल. म्हणजे सगळी केबल उकरण्याची गरज नाही. पण कोणती उकरायची, हे मोजल्यावाचून कळत नाही. मोजण्यासाठी रोगोव्स्कीची गुंडाळी वापरता येते. तारेभोवती कड्यासारखी अडकवायची. पुरवठा तोडावा लागत नाही. (हे काम जाणकाराचेच, मुलांनो. डीपीला हात लावू नये.)

आपल्याकडे २०२१ पासूनच्या केंद्रीय वितरण सुधारणा योजनेत डीपींवरही मीटर बसविण्याची तरतूद आहे. माझ्या मते मीटर बसविणे हा सोपा भाग. कोणते घर कोणत्या डीपीच्या कोणत्या फेजवर, याची खरी नोंद ठेवणे अवघड. ती चुकली तर आकड्यांचा ढीग फुकट. आयटीआयला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना येथे पुष्कळ काम आहे.

ज्यांच्या छतावर सौर संच आहे त्यांनी सकाळी आठला आणि दुपारी एकला इन्व्हर्टरच्या पडद्यावरील व्होल्टचा आकडा महिनाभर लिहून ठेवावा. वही शाळेत आणा, आपण आलेख काढू.