घोडीचा एक दिवस



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'घोड्यांची पैदास आणि पशुवैद्याचे साहाय्य' असे सांगितले, आणि विषय टिपून घेणाऱ्या चिटणीसांची लेखणी क्षणभर थबकली. सहकुटुंब येणाऱ्या श्रोत्यांपुढे हा विषय कसा काय मांडणार, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर होती. त्यांना आम्ही सांगितले तेच आपणांसही सांगतो. ज्या शास्त्राने मुक्या मातेचे दुःख थोडे कमी होते, त्याची चर्चा करण्यात संकोच मानण्याचे कारण नाही. संकोच वाटायचा असेल तर तो आपल्या अज्ञानाचा वाटावा.

घोड्याची चिकित्सा आपल्या देशाला नवी नाही. शालिहोत्र हे अश्ववैद्यकाचे आद्य आचार्य, अशी आपली परंपरा. खेड्यापाड्यांतून घोड्याच्या वैद्याला 'सलोत्री' म्हणत, तो शब्द याच नावावरून आलेला. मराठ्यांच्या पागा भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील काटक तट्टांवर उभ्या होत्या. त्या भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली आहे, पण ती अगदी अलीकडे. आज ही तट्टे मुख्यतः धनगर बांधवांच्या कळपांबरोबर ओझी वाहताना दिसतात. नोंद झाली ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु नोंदवहीत नाव चढल्याने शिंगरू जन्माला येत नाही. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. 2019 च्या गणनेत ती तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास उरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. टांगे गेले, मोटारी आल्या, हे याचे मोठे कारण आहेच. पण जे लोक आजही घोडी पाळतात, तिच्यावर पोट भरतात, त्यांच्या घोडीला वेळेवर शिंगरू का होत नाही, हा प्रश्न आपल्यासारख्यांच्या हातातला आहे. आजचे व्याख्यान त्या प्रश्नापुरते आहे.

काही वर्षांपूर्वी लग्नाच्या वरातीला घोडी देणारे एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडे आले. बरोबर नऊ वर्षांची पांढरी घोडी, देखणी आणि शांत. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तीन वर्षं घोडा दाखवतोय, राहत नाही. वांझच निघाली. सारंगखेड्याच्या यात्रेत नेऊन विकून टाकतो." आम्ही विचारले, "काका, घोड्याकडे नेता केव्हा?" ते म्हणाले, "माजावर आलेली दिसली की त्याच दिवशी. टेम्पो ठरवतो, सकाळी नेतो, संध्याकाळी परत आणतो. दोनदा भाडं कोण देणार?"

श्रोतेहो, घोडीचा सगळा आजार या एका वाक्यात होता. तो घोडीच्या पोटात नव्हता, टेम्पोच्या भाड्यात होता.

हे समजण्यासाठी घोडीचे ऋतुचक्र थोडे पाहावे लागेल. गाईचा माज एका दिवसात आटोपतो. घोडीचे तसे नाही. तिचे चक्र सुमारे एकवीस दिवसांचे, आणि त्यांतले पाच ते सात दिवस ती माजावर असते. शेपूट बाजूला धरते, पाय फाकून वारंवार थोडी थोडी लघवी करते, घोडा जवळ आला तर लाथ मारण्याऐवजी उभी राहते. परंतु बीजांडकोशातून बीज सुटते ते माजाच्या आरंभी नव्हे. माज संपण्यापूर्वी साधारण एक-दोन दिवस. सुटलेले बीज जेमतेम अर्धा दिवस टिकते. घोड्याचे वीर्य घोडीच्या शरीरात साधारण दोन दिवस सामर्थ्य राखून असते. आता हिशेब आपणच करा. पहिल्या दिवशी घोडा दाखवला आणि बीज पाचव्या-सहाव्या दिवशी सुटले, तर भेट होणार कशी? पाहुणा स्टेशनावर येऊन परत गेला, आणि गाडी त्यानंतर तीन दिवसांनी आली!

म्हणून पशुवैद्याचे पहिले काम औषध देण्याचे नसून दिवस ओळखण्याचे आहे. पूर्वी हे काम अनुभवी मोतद्दार करीत. कुंपणाच्या आडून घोडीला रोज घोडा दाखवायचा, तिचे वागणे पाहायचे, आणि माज असेपर्यंत एक दिवसाआड तिला फळवायचे. ही रीत आजही चांगली आहे आणि तिला पैसा लागत नाही. पुढे वैद्य गुदद्वारातून हात घालून बीजांडकोश चाचपू लागले. फुगत जाणारा बीजकोष बोटांना कळतो. मग 1980 च्या सुमारास फ्रान्समध्ये घोडीच्या गर्भाशयाची ध्वनिलहरींनी तपासणी सुरू झाली. ज्याला आपण सोनोग्राफी म्हणतो तेच हे यंत्र. जे बोटांना अंदाजाने कळे ते डोळ्यांना दिसू लागले. बीजकोष पस्तीस मिलिमीटरच्या पुढे गेला आणि गर्भाशयाच्या भिंती सुजल्यासारख्या दिसू लागल्या, की वेळ जवळ आली असे समजावे. या वेळी योग्य ते इंजेक्शन दिले तर बहुधा दीड-दोन दिवसांत बीज सुटते, आणि एकाच भेटीत काम होण्याचा संभव पुष्कळ वाढतो.

त्या काकांच्या घोडीला आम्ही याच रीतीने एक दिवसाआड तपासले. पाचव्या दिवशी टेम्पो ठरवला, एकदाच. पंधराव्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर एक काळा वाटोळा ठिपका दिसला. काका पडद्याकडे पाहत राहिले, मग घोडीजवळ जाऊन तिच्या मानेवरून हात फिरवीत म्हणाले, "तीन वर्षं तुला बोल लावला गं." आमच्या व्यवसायात मिळालेली ही सर्वांत मोठी फी आम्ही समजतो.

परंतु गर्भ राहिला म्हणजे काम संपले असे नाही. घोडीच्या गर्भाची पहिली दोन-तीन आठवडे मोठी विलक्षण असतात. गर्भाशयात उतरलेला हा इवलासा गोळा एका जागी बसत नाही. सोळाव्या दिवसापर्यंत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहतो. जणू घरभर हिंडून आईला सांगतो, मी आलो आहे, पुन्हा माजावर येऊ नकोस. हे सांगणे कमी पडले तर आईचे शरीर त्याला ओळखत नाही आणि चक्र पुन्हा सुरू होते.

याच दिवसांत एक संकट ओळखावे लागते: जुळे. माणसाच्या घरी जुळे झाले तर आपण दुप्पट पेढे वाटतो. घोडीच्या बाबतीत जुळे म्हणजे बहुधा दुप्पट शोक. घोडीची वार गर्भाशयाच्या सगळ्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून पोषण घेते. दोघांत ती जागा वाटली गेली की दोघेही उपाशी राहतात, आणि बहुतेक वेळा शेवटच्या महिन्यांत घोडी टाकते.

येथे आम्हांस आमच्या एका चुकीची कबुली द्यावीशी वाटते. उमेदीच्या काळात आमच्याकडे यंत्र नव्हते. एका शेतकऱ्याची घोडी आम्ही चाळीस दिवसांनी हाताने तपासली, गर्भ लागला आणि "घोडी गाभण आहे, निश्चिंत राहा" असे ऐटीत सांगून आलो. दुसरा गर्भ आहे का, हे पाहण्याचे आम्हांस सुचलेच नाही. आठव्या महिन्यात रात्री बोलावणे आले. गोठ्यात कंदिलाच्या उजेडात दोन मेलेली शिंगरे पडली होती आणि घोडी त्यांना हुंगत उभी होती. शेतकरी एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. आज यंत्र असेल तर सोळाव्या दिवसाच्या आत, दोन्ही गर्भ फिरते असतानाच, त्यांना वेगळे करून एक हलक्या दाबाने दूर करता येतो आणि दुसरा वाचतो. दोन दिवसांचा उशीर झाला आणि दोघे शेजारी शेजारी बसले, की तेच काम फार कठीण होते.

दुसरी तपासणी महिन्याच्या आत करावी, यालाही कारण आहे. पस्तीस-चाळीस दिवसांच्या सुमारास गर्भाच्या पेशी आईच्या गर्भाशयात रुजून एक द्रव्य निर्माण करू लागतात. गाभण घोडीच्या रक्तातील हे द्रव्य अमेरिकेत कोल आणि हार्ट या शास्त्रज्ञांनी 1930 मध्ये दाखवून दिले. गंमत अशी की पुढे गर्भ मेला तरी हे द्रव्य काही आठवडे तयार होतच राहते. घोडी माजावर नीट येत नाही, मालक तिला गाभण समजून बसतो, आणि हंगाम निघून जातो. अकरा महिन्यांचा गर्भकाळ असणाऱ्या जनावराचा एक हंगाम म्हणजे मालकाचे अख्खे एक वर्ष.

आता गर्भ न राहण्याची जी कारणे खरोखर शरीरात असतात ती पाहू. वय झालेल्या किंवा रोडावलेल्या घोडीच्या योनिमुखाची ठेवण बिघडते. हवा आणि घाण आत जाते, गर्भाशय दूषित होते. केंटकीतील डॉक्टर कॅस्लिक यांनी 1937 मध्ये यावर साधी शस्त्रक्रिया सुचवली: वरच्या भागाला टाके घालून दार अर्धे बंद करायचे. आज जगभर ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र विण्यापूर्वी हे टाके उघडण्यास विसरू नये. नाहीतर उपकाराचा अपकार होतो. दुसरे कारण संसर्गाचे. 1977 मध्ये इंग्लंडच्या न्यूमार्केट या घोड्यांच्या राजधानीत संसर्गजन्य गर्भाशयदाहाची साथ आली. घोडे वरून निरोगी दिसत आणि एकाकडून दुसरीकडे रोग नेत. तेव्हापासून तेथे हंगामापूर्वी घोड्याघोडीचे नमुने तपासण्याची शिस्त लागली. आपल्याकडे जत्रेत कोठला घोडा, कोठली घोडी, कोणी विचारीत नाही. न्यूमार्केटला ही शिस्त लाखोंच्या नुकसानीने शिकवली. आपण ती फुकटात शिकावी.

श्रीमंतांच्या घोड्यांविषयी दोन शब्द. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची वंशावळ पुण्याहून ठेवली जाते, आणि पुण्याभोवती त्यांची मोठी पैदासकेंद्रे आहेत. तेथे यंत्रे आहेत, रात्रपाळीचे वैद्य आहेत. या जातीला जगभर नियम असा की कृत्रिम रेतन चालत नाही. घोड्याघोडीची प्रत्यक्ष भेटच व्हावी लागते. उत्तर गोलार्धात साऱ्यांचे वय एक जानेवारीपासून मोजतात, म्हणून शिंगरू वर्षारंभी जन्मावे यासाठी थंड देशांत घोडीला हिवाळ्यात रोज सोळा तास उजेडात ठेवतात. दिवस मोठा झाला असे वाटून तिचे चक्र लवकर सुरू होते.

आपल्या देशी जातींना असली बंधने नाहीत, आणि येथे आपल्या शास्त्रज्ञांनी अभिमान वाटावा असे काम केले आहे. हिस्सारला राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र आहे. त्याच्या बिकानेर येथील शाखेत 2023 मध्ये एका मारवाडी घोडीचा गर्भ दुसऱ्या घोडीच्या उदरात ठेवून शिंगरी जन्माला आणली. तिचे नाव 'राज-प्रथमा'. या उपायाने एका उत्तम घोडीची एकाच वर्षात एकाहून अधिक शिंगरे मिळू शकतात. भीमथडीसारख्या थोड्या उरलेल्या जातीला हे केवढे वरदान ठरेल!

पण श्रोतेहो, बिकानेर दूर आहे, आणि टेम्पोचे भाडे जवळ आहे. म्हणून आमचे मागणे मोठे नाही. तालुक्याच्या पशुदवाखान्यात हंगामापुरते तरी सोनोग्राफीचे यंत्र आणि ते चालवणारा शिकलेला हात असावा. जत्रेच्या ठिकाणी, सारंगखेड्याला आणि माळेगावला, चार दिवस तपासणीचे शिबिर भरावे. आणि घोडी पाळणाऱ्याने तीन आकडे पाठ करावेत: शिंगरू एका तासात उभे राहिले पाहिजे, दोन तासांत पहिले दूध प्यायले पाहिजे, तीन तासांत घोडीची वार पडली पाहिजे. यांत खंड पडला तर सकाळची वाट न पाहता वैद्याला बोलवावे. आईच्या पोटात असताना शिंगराला रोगप्रतिकाराची शक्ती मिळत नाही; ती पहिल्या चिकातूनच मिळते, आणि ते दार काही तासांतच बंद होते.

सबंध व्याख्यानातून आपण एवढेच घरी नेलेत तरी पुरे: ज्या घोडीला आपण वांझ म्हणतो, तिला पुष्कळदा फक्त चुकीच्या दिवशी नेलेले असते. मुक्या जनावराला आपली बाजू मांडता येत नाही. म्हणून त्याला दोष देण्यापूर्वी एकवार तपासून पाहणे, एवढा न्याय आपण तिला देऊ या.