लेकुरवाळी सहल



न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला, आणि तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावोगावच्या मंडळींनी पटांगणात सतरंज्या अंथरून अर्थशास्त्र, वेदान्त, स्वराज्य, शेतसारा अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह करावा, अशी जी रीत महाराष्ट्रात पडली तिला अनुसरून मीही असाच काही विषय घेऊन येईन अशी चालकांची अपेक्षा असणार. परंतु अशा सभांतून श्रोत्यांपैकी कित्येकांच्या मांडीवर किंवा शेजारी एखादे लहान मूल चुळबुळत बसलेले असते, आणि वक्ता उपनिषदांतून बाहेर पडण्याची ते आपल्या आईपेक्षाही अधिक निष्ठेने वाट पाहत असते, हे मी दीर्घकाळ पाहत आलो आहे. त्या चुळबुळणाऱ्या वर्गाच्या हिताचा विषय एकदा तरी व्यासपीठावर यावा, म्हणून लहान मुलांना घेऊन काढावयाच्या उन्हाळी सहलींविषयी मी आज बोलणार आहे. यात वेदान्त मुळीच नाही. सरकारदरबारी करावयाच्या अर्जविनंतीचा भाग थोडासा आहे, तो शेवटी येईल.

कऱ्हाडात उभे राहून या विषयावर बोलण्यात एक सोय आहे. साताऱ्याची बाजू घेतली तरी सांगलीकर रागावत नाहीत आणि सांगलीची घेतली तरी सातारकर उठून जात नाहीत, कारण दोघांनाही हे गाव निम्म्या वाटेवरचे वाटते. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग पडले व १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले; दफ्तरांची वाटणी झाली, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, कारकुनांच्या बदल्या झाल्या. लेकुरवाळ्या घरांच्या उन्हाळ्यात मात्र त्यामुळे फारसा फरक पडला नाही, कारण महाबळेश्वरी उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड, भिलवडी, सांगली असे मुक्काम करीत जाणाऱ्या कृष्णेच्या काठाकाठानेच दोन्हीकडच्या मुलांची सुट्टी जात आली आहे. भेद इतकाच, की सातारकर सुट्टी लागली की डोंगराकडे तोंड करतो आणि सांगलीकर, ज्याच्या गावी वैशाखात पारा चाळिशीला भिडतो, तो पाण्याकडे.

माझे मुख्य म्हणणे मी आरंभीच सांगून टाकतो. सहलीला कोठे जावे हे आपण आपल्या डोळ्यांना विचारून ठरवितो, आणि सहा वर्षांच्या आतील मुलाची सहल ही त्याच्या हातांची असते. हात जेथवर पोचतो तेथवर त्याचा प्रदेश. त्यापलीकडचे सर्व, मग ते सह्याद्रीचे कडे असोत की सूर्यास्त, हे मोठ्या माणसांचे इनाम आहे.

याचा दाखला महाबळेश्वरी मिळतो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत वसलेल्या त्या थंड हवेच्या ठिकाणी साहेबलोकांनी आर्थर सीट, एल्फिन्स्टन, लॉडविक, बॅबिंग्टन अशी आपल्या बांधवांची नावे देऊन जे पॉइंट मुक्रर केले, ते सर्व एका विशिष्ट वयाच्या, विशिष्ट उंचीच्या आणि भरपूर रिकामा वेळ असलेल्या माणसाने पाहण्याकरिता केलेले आहेत. तेथे चार वर्षांच्या मुलाला कठड्याशी उभे करून 'बघ, केवढी दरी!' असे आपण म्हणतो, तेव्हा ते कठड्याच्या फटीतून चाललेली मुंग्यांची रांग पाहत असते, आणि आपण त्याची हनुवटी धरून मान वर करतो. यात मुलाचा दोष नाही. दरी दिसावी लागते ती पूर्वी कधीतरी पाय दुखेपर्यंत चाललेल्या वाटांच्या आठवणीने. ज्याने उभ्या आयुष्यात घरापासून बालवाडीपर्यंतच पायपीट केली आहे त्याला समोरचा डोंगर आणि भिंतीवरचे कॅलेंडर यांत फरक कसा करता यावा? उलट, साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांच्या कारकीर्दीत १८४२ साली बांधला गेलेला वेण्णा तलाव, तेथील घोडा, त्या घोड्याची शेपटी आणि तिच्यावरच्या माशा हे सर्व त्याच्या ध्यानात वर्षानुवर्षे राहते. आणि क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पडणारी जी धार आहे, तिच्याखाली ओंजळ धरून 'ही आपली सांगलीची कृष्णा' असे सांगितले, तर भूगोलाचा जो पाठ पुढे शाळेत पाठ करूनही विसरावयाचा असतो तो तेथे तळहाताला गार लागून कायमचा बसतो. तेवढ्या एका ओंजळीसाठी मी महाबळेश्वराला माफी देतो. बाकी मे महिन्यातील गर्दीत मोटारींच्या रांगेत, मागच्या आसनावर ओकाऱ्या काढणारे मूल घेऊन घाट चढण्याची हौस ज्यांना असेल त्यांनी ती खुशाल पुरवावी.

घाटाचीच हवा खावयाची असेल तर साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट जवळ आहे. एप्रिल-मे महिन्यांत त्या बाजूच्या जाळ्यांवर करवंदे पिकतात, आणि पळसाच्या पानांचे द्रोण घेऊन बायका रस्त्याकडेला बसतात. करवंद दातांनी तोडण्यापूर्वी समोरच्याला 'कोंबडा की कोंबडी?' असे विचारावयाचे, आत लाल निघाले तर कोंबडा आणि पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ कोणी कोणाला शिकविल्याचे मला आठवत नाही. तो उन्हाळ्याबरोबर आपोआप येतो. एक द्रोण संपेपर्यंत अर्धा तास जातो, बोटे चिकाने चिकट होतात, सदऱ्यावर डाग पडतात, आणि कासच्या पठारापर्यंत जाण्याचा बेत आपोआप रहित होतो. तो व्हावाच, पठारावरची फुले तशीही पावसाळ्याच्या अखेरीस असतात.

जवळच्या जागांत मला सर्वांत प्रिय असलेली जागा म्हणजे लिंब गावची बारामोटेची विहीर. साताऱ्याहून पुण्याच्या वाटेने थोडे पुढे गेले की लिंबला जाण्याचा फाटा लागतो. शके १६४१ ते १६४६ या काळात विरूबाई भोसले यांनी ही अष्टकोनी विहीर बांधविली. तिला लागून दुसरी लहान विहीर, आणि दोहोंच्या मध्ये जमिनीच्या पोटात एक महाल, अशी तिची रचना आहे. शाहू महाराजांची खलबते तेथे चालत असे सांगतात. शंभर फुटांहून अधिक खोल अशा त्या विहिरीच्या पायऱ्या उतरू लागले, की उन्हाने तापलेल्या मानेवरून कोणी ओला पंचा फिरवावा तसा गारवा उतरतो. मूल एकेक पायरी दोन्ही पाय जुळवून उतरते, मोजणी 'आठ, नऊ, अकरा' अशी स्वतःच्या हिशेबाने करते, भिंतीवर कोरलेल्या वाघासिंहांच्या अंगावरून हात फिरविते, आणि कमानीखाली आल्यावर 'ओ' अशी आरोळी देऊन उलट आलेली आरोळी कोणाची याचा तपास करू लागते. वर मोटा चालविण्याची दगडी बैठक आहे. तेथे उभे राहून बैल कसे मागे-पुढे येत, मोट कशी भरून वर येई आणि थारोळ्यात कशी ओतली जाई, हे आजोबांनी हातवारे करून दाखवावे. एक दक्षता मात्र सांगतो: अशा ठिकाणी दर मुलामागे एक मोठे माणूस, आणि त्या माणसाच्या हातात मुलाचा हात, दुसरे काही नाही, मोबाइल तर नाहीच.

संगम माहुलीची गोष्ट अशीच. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ, काठावरचा घाट, छत्रपती घराण्यातील समाध्या, न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव म्हणून असलेली कीर्ती, हे सर्व आपण मुलाला सांगत असतो. १७०८ पासून १७४९ पर्यंत शाहू महाराजांनी राज्य केले आणि त्यांच्या काळात मराठ्यांच्या फौजा दूरदूर गेल्या, हेही सांगून होते. मूल सर्व ऐकून घेते आणि विचारते, 'आणि तो कुत्रा?' शाहू महाराजांचा एक लाडका खंड्या नावाचा कुत्रा होता, त्याने शिकारीत महाराजांचे प्राण वाचविले अशी आख्यायिका आहे, आणि त्याची समाधी येथे आहे. एवढ्या मोठ्या राज्यकारभारातून मुलाने नेमका कुत्रा उचलला म्हणून कित्येक वडील खिन्न होतात. मला ती निवड योग्य वाटते, कारण त्या समाधीची उंची मुलाच्या खांद्याशी जुळते आणि कुत्र्याशी त्याचा पूर्वपरिचय असतो. आमच्या नातीने तेथे आपल्या खिशातील अर्धे बिस्किट ठेवले, आणि थोड्या वेळाने ते परत घेऊन स्वतः खाल्ले.

औंधाविषयी माझे मत थोडे निराळे आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर उभारलेले श्रीभवानी संग्रहालय हे आपल्या मुलखाचे भूषण होय. राजा रविवर्म्याची चित्रे तेथे आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले माता आणि बालक यांचे शिल्पही आहे. पण तेथे प्रत्येक वस्तूशी 'हात लावू नकोस' हे वाक्य जोडलेले असते, व ते योग्यच असते. म्हणून औंध सातव्या वर्षानंतर.

कऱ्हाडचा प्रीतिसंगम आपल्या समोरच आहे, त्याची थोरवी मी आपणास काय सांगावी? कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, हे दोन हातांनी करून दाखविता येते, एवढेच त्यातले मुलांच्या दृष्टीने सांगण्याजोगे.

सांगलीला गेल्यावर सहलीचे रूप पालटते. अप्पासाहेब पटवर्धनांनी उभारलेल्या गणपतीच्या देवळात सकाळी आठच्या आत जावे, कारण दहा वाजता तेथील फरसबंदी इतकी तापते की मूल देवापुढे उभे न राहता नाचू लागते आणि लोकांना ती भक्ती वाटते. तेथून हरिपूर; वारणा आणि कृष्णा यांचा संगम, संगमेश्वराचे देऊळ, आणि झाडांची सावली. पूर्वी सांगलीच्या घाटांवर उन्हाळ्यात पोहणे शिकणाऱ्या पोरांची झुंबड उडे. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून काका-मामांनी मुलाला पाण्यात ढकलावे, त्याने नाकातोंडात पाणी जाऊन बोंब ठोकावी, आणि सुट्टी संपण्यापूर्वी त्याच मुलाने डबा झुगारून पलीकडचा काठ गाठावा, असा तो अभ्यासक्रम होता. आता भिलवडी-औदुंबरापासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरींचा वावर आहे, आणि कोयनेतून पाणी सोडले की पात्राची पातळी पाहता पाहता चढते. तेव्हा जुन्या आठवणींच्या भरात कोणी नातवाला पाण्यात ढकलू नये. घाटाच्या वरच्या पायरीवर बसवून भडंग द्यावे. तेही सांगलीचे म्हणजे लसूण-तिखटाचे. म्हणून मुलासाठी साध्या चुरमुऱ्यांची निराळी पुडी, ती विसरल्यास संपूर्ण सहलीचा मजकूर 'हाय हाय' एवढाच उरतो.

या पुडीवरून मी आता अशा भागाकडे येतो, की ज्याविषयी पुरुष वक्ते सहसा बोलत नाहीत. सहलीचा बेत वडील जाहीर करतात आणि तिचा सरंजाम आई जमविते. आदल्या रात्री दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात आणि कैरीचे लोणचे. फिरकीच्या तांब्यात पाणी. मुलाचे दोन जास्तीचे कपडे, एक जुनी चादर, उन्हाची तिरीप लागू नये म्हणून सासूबाईंनी आठवणीने दिलेला कांदा. आणि हे सर्व आवरून पहाटे सर्वांच्या आधी उठणे. परत आल्यावर वडील 'मजा आली' म्हणून आडवे होतात, आणि ती माउली डबे घासते, वाळूने भरलेले कपडे झटकते, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांकडे कावळे फिरकले नाहीत ना हे पाहावयास जाते. घरच्या जमाखर्चात हा खर्च कोठेच दाखल होत नाही. माझी सूचना अशी, की ज्या सहलीची शिदोरी वडिलांनी बांधली नाही ती सहल त्या घरी त्या वर्षी मंजूर होऊ नये. त्यामुळे बेत आपोआप जवळचे, लहान आणि लवकर घरी परतणारे होतील, आणि मुलांना ते अधिक मानवतील.

आता तो अर्जाचा भाग. घाट, विहिरी, देवळे, धर्मशाळा, बागा ज्यांनी बांधल्या त्यांनी मुलांचा विचार केला होता असा माझा दावा नाही. पण दगडी पायरीची उंची आणि घाटावरची सावली यांमुळे त्यात मुलांची सोय झाली. आपण अलीकडे सार्वजनिक जागी जे बसवितो, त्यात प्यायच्या पाण्याचा नळ मोठ्या माणसाच्या छातीपाशी असतो. मुलाला काखोटीला धरून उचलावे लागते, त्याच्या कोपरावरून पाणी बापाच्या बाहीत जाते, आणि तोंडात मात्र थेंबभरच. प्रत्येक घाटावर आणि बागेत जमिनीपासून दीड फुटांवर आणखी एक तोटी असावी, आणि तिच्याजवळ तान्ह्या मुलाचे कपडे बदलण्यापुरता एक आडोसा असावा, एवढीच या अर्जातील मागणी आहे. अर्जाची प्रत दाराशी टेबलावर ठेवली आहे. सही करणाऱ्यांनी पूर्ण पत्ता लिहावा, कारण अपुऱ्या पत्त्याचा अर्ज दफ्तरी दाखल होतो आणि तेथेच राहतो. आणि ज्यांच्या कडेवर मूल झोपले असेल त्यांना कृपया रांगेत पुढे जाऊ द्यावे.