माहितीपट बघा, वस्तीत दाखवा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणीत पाळी करणारा माणूस. शाळा बेताचीच झाली. पुस्तकांनी शिकवलं, तसंच माहितीपटांनीही शिकवलं. माहितीपट म्हणजे नट-नट्या नसलेला, खऱ्या माणसांचा सिनेमा.

सर्वांनी बघावा असा पहिला म्हणजे आनंद पटवर्धन यांचा 'जयभीम कॉम्रेड'. 11 जुलै 1997 रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळीबार केला, 10 जण मारले गेले. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धनांनी तेव्हा हाती घेतलेला हा चित्रपट 14 वर्षांनी, 2011 साली पूर्ण झाला. त्यात आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजीही आहे. खैरलांजी घडलं 2006 साली. त्या वर्षी जन्मलेली लेकरं आता कॉलेजच्या वयाची झाली. त्यांना हे कोण दाखवणार?

टॉकीजवाला दाखवत नाही, कारण गल्ला भरत नाही. मग टीव्ही? पटवर्धनांचाच 'फादर, सन अँड होली वॉर' 1995 चा. सेन्सॉरचं प्रमाणपत्र असूनही दूरदर्शनने नकार दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि दाखवण्याचा आदेश झाला 2006 साली. म्हणजे 11 वर्षं! तामिळनाडूत दिव्या भारती यांनी हाताने मैला साफ करणाऱ्यांवर 'कक्कूस' केला. 2017 साली पोलिसांनी त्याचे खेळ थांबवले. शेवटी त्यांनी तो यूट्यूबवर टाकला.

बंधूंनो, प्रत्येक वेळी बंदीच घालावी लागते असं नाही. हॉलवाला घाबरला, वर्गणी देणारा मागे सरला, की काम तिथंच थांबते. आणि अडवणारे सगळे बाहेरचेच असतात, असंही समजू नका. 'जयभीम कॉम्रेड'मध्ये आपल्या पुढाऱ्यांनाही प्रश्न विचारले आहेत. ते ऐकून "बंद करा" म्हणणारा आपल्यातूनही उठेल. त्याला हाकलू नका. "भाऊ, आधी पुरता बघा, मग बोला," असं सांगा. तथागतांनी कालामांना तपासून घ्यायला सांगितलं. माहितीपटही तसाच तपासून घ्यावा, मग तो आपल्या बाजूचा का असेना.

मोबाईलवर दोन मिनिटांचा तुकडा बघून राग येतो, समज येत नाही. हा चित्रपट तीन तासांहून मोठा आहे. म्हणून माझी सूचना अशी, की महिन्यातून एका रविवारी विहाराच्या सभागृहात एक माहितीपट दाखवावा. बनवणाऱ्याची परवानगी घ्यावी, जमेल तसा मोबदला द्यावा. नंतर तासभर चर्चा व्हावी आणि पहिलं बोलणं मायबहिणींचं असावं. भिंत आपली आहे, पडदा वर्गणीतून होईल. दाखवायची हिंमत मात्र आपल्यालाच करावी लागेल.

जयभीम! जय भारत!